आधी शर्ट, मग क्रीम

‘एसपीएफ ५० लावा आणि निर्धास्त उन्हात फिरा’ हा मागच्या अंकातल्या पत्रलेखकांचा सल्ला मला मुळीच पटला नाही. सनस्क्रीन क्रीमवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी या अतिनील किरणांपुरता असतो. यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांसाठी ट्यूबवरचं ‘पीए’ आणि त्यापुढची अधिक चिन्हं बघावी लागतात. एसपीएफ ३०चं क्रीम सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५०चं सुमारे ९८. तेही जाड थर दिला आणि दर दोन तासांनी पुन्हा लावलं तरच.

मी चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात नोकरी करतो. इथे जूनमध्ये ट्रकमधून पत्रे उतरवणाऱ्या हमालाच्या कपाळावरचं क्रीम थोड्याच वेळात घामासकट गमछ्यात जातं. त्याला आधी हवा घट्ट विणीचा, गडद, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट आणि रुंद काठाची टोपी. पातळ पांढरा सुती कपडा भिजला की अतिनील किरण उलट जास्तच आत शिरतात. वेल्डरचं तर वेगळंच: कॉलरचं बटण उघडं राहिलं की शेडच्या सावलीतही गळ्यावर लाल त्रिकोण उमटतो, कारण ते किरण आर्कमधूनच निघतात.

कारखानदारांनी ट्यूबा वाटण्याआधी हे कपडे द्यावेत आणि भर दुपारची उतरवणी थांबवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

— एक वाचक, इंडस्ट्रियल एरिया, चंदीगड