‘स्टेबल’ म्हणजे काय हो?

आयसीयूच्या दाराशी ऐकू येणारं ‘पेशंट स्टेबल आहे’ हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेली ‘सोफा’ ही गुणपद्धत डॉक्टरांना ठाऊक असते. फुप्फुसं, रक्त गोठणं, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंडं असे सहा विषय. प्रत्येकी ० ते ४ गुण. इथे मात्र गुण वाढले की प्रकृती ढासळली! काल १५, आजही १५, तरी ‘स्टेबल’च, पण बरा नव्हे. नातेवाईक घाबरतील म्हणे! अहो, अंधारात जास्त भीती वाटते. आकड्यावरून भविष्य वर्तवू नका, पण कोणता अवयव सुधारला, कोणता बिघडला, हे रोज साध्या मराठीत सांगा. प्रगतिपुस्तक पालकांपासून लपवणारी शाळा आपण चालवून घेतली असती का?