सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक स्तुत्य पायंडा पाडला. सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजताच घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल दीड तास बंद, आणि मुलांच्या हाती पुस्तके! बेळगाव-निपाणीच्या सीमाभागानेही या भोंग्याकडे कान द्यावा, असे आम्हांस वाटते.

येथील मराठी शाळेतल्या मुलावर मायबोलीबरोबरच कन्नड आणि इंग्रजीचाही भार असतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या मातेचे घर अनेकदा एका खोलीचे. संचाची आणि अभ्यासाची जागा एकच. तेथे मुलाचे चित्त पुस्तकात रमावे कसे? एकट्या घराने संच बंद केला, तरी शेजारची मालिका भिंतीतून आत येतेच. म्हणूनच हा निश्चय एका घराचा नव्हे, साऱ्या गल्लीचा हवा.

मोबाईल सर्वस्वी त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. २०२० च्या साथीत शाळाच त्यातून भरत होती. परंतु साधनाला घराचा धनी करणे निराळे. ज्या बेळगावात १८४८ साली सार्वजनिक वाचनालय उभे राहिले, त्या नगरीला वाचनाचे मोल आम्ही काय सांगावे?

१९५६ पासूनचा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात तिष्ठत आहे. दीड तासाच्या शांततेसाठी मात्र कोणाच्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. भोंगा गावाने वाजवावा. पण बटण बंद करणारा पहिला हात घरातील वडीलधाऱ्यांचाच असला पाहिजे.