जुने लुगडे, नवा परकर

भाद्रपद सरत आला की आमच्या कर्जतेस पावसाचा जोर ओसरतो आणि घरोघर ट्रंका उघडल्या जातात. घाटाच्या पायथ्याशी चार महिने जो ओलावा मुरतो, त्याने कपाटातील घडीच्या वस्त्रांनाही कुबट वास येतो. म्हणून पितृपंधरवडा आटोपण्याच्या सुमारास कोवळे का होईना, पण ऊन पडले की सारी वस्त्रे दांडीवर येतात. यंदाही आमच्या ओसरीत तसा पसारा मांडला गेला. त्यात माझ्या आईची तीन सुती लुगडी आणि माझ्या पत्नीची पाच-सहा पातळे होती. नेसणाऱ्या दोघीही आता नाहीत. सूनबाईने हलक्या स्वरात विचारले, "बाबा, ह्यांचे काय करायचे?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त मी समजावून देत होतो. मनुष्य जुने वस्त्र टाकून नवे धारण करतो, तसा आत्मा देह बदलतो, येथपर्यंत विवरण रंगले असता मागच्या बाकावरील एका मुलीने उठून विचारले, "गुरुजी, टाकलेले जुने वस्त्र मग पुढे कोण नेसते?" वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि पुढील श्लोकाकडे वळलो. आज वाटते, की त्या दिवशी वर्गातील सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता आणि मी तो अनुत्तरित ठेवला. आजचे हे टिपण म्हणजे त्या मुलीस दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या संसारात वस्त्रासही आश्रमव्यवस्था होती. लुगडे मध्ये विरले, की विरलेला भाग काढून टाकीत आणि दोन धडके शेवट जोडून त्यास दंड घालीत. दंड घातलेले लुगडे घरकामास आणखी वर्ष-दोन वर्षे चाले. पुढे त्यातील धडक्या भागाचे मुलींचे परकर होत. मऊ झालेल्या भागाची बाळाची झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगास बोचते, तेव्हा पुष्कळदा धुऊन मऊ झालेले सूतच अशा वेळी इष्ट मानीत. त्यातूनही उरलेले थर गोधडीत जात आणि अखेरच्या चिंध्यांचे फडके, मग पोतेरे. जे घरात नको असे, त्याच्या बदल्यात दारी येणाऱ्या बोहारणीकडून एखादे भांडे पदरात पडे.

ही दृष्टी पुरातन आहे. बौद्धांच्या विनयपिटकात एक कथा आहे. कौशाम्बीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदास पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, अशी शंका येऊन राजाने त्यास प्रश्नांमागून प्रश्न विचारले. आनंदाने सांगितले, की ज्यांची चीवरे जुनी झाली त्यांस ही देऊ. जुन्या चीवरांची आच्छादने करू, जुन्या आच्छादनांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची बसकणे, बसकणांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकीही झिजली, की कुटून चिखलात मिसळून त्याने भूमी सारवू. राजाचे समाधान झाले. ही मालिका ऐकून आमची आजी मुळीच चकित झाली नसती.

अडचणीच्या काळात मोठमोठ्या राष्ट्रांसही ही विद्या आठवते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांवर नियंत्रण होते आणि जुने कपडे कसे दुरुस्त करावे, ह्याची पुस्तिका १९४३ साली तेथील सरकारनेच काढली. त्याच वर्षी आपल्याकडेही कापडनियंत्रणाचा आदेश निघाला. सांप्रत तशी टंचाई नाही. उलट कापड इतके मुबलक आहे, की शिवलेला झगा शिलाईपेक्षा स्वस्त मिळतो. म्हणून आता ही कला काटकसरीसाठी नव्हे, तर स्नेहासाठी व विवेकासाठी जतन करावयाची आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. शिवणकाम हा माझा विषय नव्हे. टाके सूनबाईचे, मापे तिची; मी केवळ लेखनिक आहे, हे वाचकभगिनींनी ध्यानात घ्यावे.

प्रथम वस्त्राची परीक्षा करावी. लुगडे उजेडापुढे धरून जेथे जाळी दिसेल तेथे खडूने खूण करावी. मग दोन्ही अंगठ्यांनी उभा व आडवा ताण देऊन पाहावे. चर्र असा आवाज आला, तर तो भाग शिवणीचा नव्हे, गोधडीचा. बहुधा बसण्याची जागा व टाचेकडील कड आधी जाते आणि निऱ्यांच्या आतला भाग धडका राहतो. जरीच्या रेशमी वस्त्राविषयी विशेष सावध राहावे. ते वरून झळाळते, परंतु वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिल्याने घडीच्या रेषेवर उकलते. असे रेशीम सुती अस्तरावर बसविल्याशिवाय मुलीच्या अंगावर घालू नये.

परकरासाठी दोन वार लांबीचा धडका तुकडा घ्यावा. पातळाचा पन्हा साधारण ४५ इंच असतो व दोन्ही कडांना काठ असतात. तो तुकडा लांबीत असा चिरावा, की एका बाजूस २५ इंच व दुसऱ्या बाजूस २० इंच राहतील. पहिल्यात पाच वर्षांच्या मुलीचा परकर होतो, दुसऱ्यात तिच्या तीन वर्षांच्या धाकट्या बहिणीचा. काठ आपोआप घेराशी येतो, त्यामुळे खाली दुमडावे लागत नाही. वर नेफ्यासाठी दीड इंच धरावे. मधल्या भागात अर्ध्या अर्ध्या इंचाच्या दोन आडव्या चुण्या घालून ठेवाव्या. एका चुणीत एक इंच कापड दडते. मुलगी वाढली, की दरवर्षी एक चुणी उसवावी. परकर तिच्याबरोबर वाढतो. धाकटीच्या परकरास एकच चुणी पुरे.

पोलक्याकरिता नवे माप घेण्याच्या भानगडीत नवशिक्या स्त्रीने पडू नये. मुलीस नीट बसणारे एखादे जुने पोलके उसवून त्याचे भाग वर्तमानपत्रावर ठेवावे, कडेने रेघ ओढावी आणि वाढीसाठी सर्वत्र अर्धा इंच अधिक सोडावा. कापडाचा उभा धागा पाठीच्या कण्याशी समांतर असावा, नाही तर दुसऱ्याच धुण्यात पोलके एकीकडे ओढले जाते. बगलेत चौकोनी कळी घातली, तर हात वर करताना शिवण फाटत नाही. झाडावर चढणाऱ्या मुलींच्या मातांनी ही कळी विसरू नये!

दोऱ्याविषयी सूनबाईचे एक वाक्य मला फार आवडले. ती म्हणाली, "दोरा कापडाहून बळकट नसावा." जाड दोरा जीर्ण कापडास करवतीसारखा कापतो. म्हणून सुई बारीक, दोरा सुती व टाका लहान. ताण पडेल तेथे उलट टीप घालावी, इतरत्र धावदोरा पुरे. काठ चांगला पण अंग गेलेले असेल, तर काठ उसवून नव्या कापडास लावावा. मात्र ते नवे कापड आधी रात्रभर भिजवून वाळवावे, नाही तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि काठास सुरकुत्या पडतात.

दोन सूचना जिवाच्या आहेत. नायलॉन वा तत्सम कृत्रिम धाग्याचे पातळ लहान मुलीच्या कपड्यास वापरू नये. ते घाम टिपत नाही आणि पेट घेतल्यास वितळून त्वचेस चिकटते. सूतही त्वरित पेटते, तेव्हा दिवाळीत पणत्यांपाशी घेरदार परकराच्या मुलींवर मोठ्यांचे लक्ष हवेच. तसेच अगदी लहान मुलीच्या गळ्याशी नाडी ठेवू नये आणि तोंडात जाईल असे सैल बटण लावू नये.

येथवर सारे गोड झाले. आता जे लिहावयाचे ते थोडे कडू आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दिवाळीस वडिलांनी मला शिंप्याकडून नवा सदरा व विजार शिवून आणली. धाकट्या बहिणीसाठी आईने आपल्या अंजिरी लुगड्याचा परकर रात्री जागून शिवला होता. परकर फार सुंदर झाला होता, असे मला आजही आठवते. अभ्यंगस्नानानंतर बहिणीने तो घातला, गिरकी घेतली आणि माझ्या सदऱ्याची बाही चाचपून निर्मळपणे विचारले, "दादा, तुझा सदरा कुणाच्या जुन्याचा?"

तिच्या मनात मत्सर नव्हता. जगात सर्वांचेच कपडे कोणाच्या तरी जुन्याचे होतात, अशी तिची समजूत होती. वडील फराळाचे ताट तसेच ठेवून ओसरीवर गेले. पुढच्या दिवाळीस आईने वडिलांच्या उपरण्याचा मला सदरा शिवला आणि बहिणीस खणाचे नवे पोलके आले. त्या विषयावर घरात कोणी एक शब्द बोलले नाही. ती बहीण आज खोपोलीस नातवंडांत रमलेली आहे. मी ही गोष्ट काढली, की हसते, परंतु विसरलेली नाही.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. दिवाळीपूर्वी जुन्या कपड्यांचे बोचके बांधून खालापुराकडील एका कातकरी वाडीत नेऊन द्यावयाचे, असा आमचा कित्येक वर्षांचा प्रघात होता. दिवाळी झाली, की तेथील कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जात; तत्पूर्वी आपले पुण्य उरकून घ्यावे, असा आमचा हिशेब! एका वर्षी एका बाईने बोचक्यातील एक झगा निवडून माझ्या हाती परत दिला. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, ह्याला मागं एक पन बटन नाही. पोरीची पाठ उघडी पडंल. पायपुसण्याला देत असाल तर ठेवते."

मी निरुत्तर झालो. तो झगा माझ्या नातीचा होता आणि बटणे आमच्याच घरी दुसऱ्या कपड्यासाठी काढून घेतली होती. कठोपनिषदात नचिकेत्याच्या पित्याने यज्ञात ज्या गाई दान दिल्या, त्या थकलेल्या, दूध आटलेल्या होत्या. हा प्रसंग मी तीस वर्षे शिकविला. पोराची अस्वस्थता रंगवून सांगितली. परंतु आपण त्या कथेत पित्याच्या बाजूस उभे आहो, हे कळण्यास त्या बाईने झगा परत द्यावा लागला. १९९९ साली दिल्लीस स्थापन झालेली 'गूंज' ही संस्था वस्त्रे फुकट न वाटता गावाने केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देते. त्यामागील मर्म मला त्या दिवशी उमगले. घेणाऱ्याची मान खाली जाणार असेल, तर देणाऱ्याचा हात वर आहे, एवढ्याने दान होत नाही.

जुने वस्त्र पुढे कोण नेसते, ह्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की ज्यास नको म्हणता येत नाही तो नेसतो. घरात ती लेक असते, घराबाहेर गरिबाची लेक. कला तीच, कापड तेच. परंतु कोणासाठी, कोणत्या मनाने शिवले, ह्यावर ते वात्सल्य ठरते किंवा अवहेलना. म्हणून आमच्या घरी आता तीन नियम केले आहेत. जुन्याचे शिवावयाचे तर नात व नातू दोघांसही, आणि नवे घ्यावयाचे तर दोघांसही. कापड कोणाचे व रंग कोणता, हे घालणाऱ्या मुलास आधी विचारावयाचे. आणि जे आपल्या मुलाच्या अंगावर घालून त्यास बाजारात नेण्यास आपण लाजू, ते दुसऱ्याच्या मुलीस द्यावयाचे नाही. त्याची गोधडी करावी किंवा फडके.

यंदा आईच्या एका लुगड्याचा नातीस परकर झाला आणि त्याच लुगड्याच्या दुसऱ्या काठाचा नातवास सदरा. नातवाने प्रथम नाक मुरडले. पणजीचे लुगडे म्हटल्यावर मात्र काठ कोणाचा अधिक रुंद, ह्यावरून दोघांत भांडण जुंपले. पत्नीच्या दोन पातळांचे चार परकर शिवून झाले आहेत. बटणे, नाड्या, अस्तर सर्व नीट आहे. येत्या रविवारी ते घेऊन वाडीवर जाणार आहे. त्या बाईची मुलगी आता मोठी झाली असेल. पण तेथे लहान मुली आहेतच. परकर तिच्यापुढे ठेवून, ह्यांतील कोणते चालतील, हे तिलाच विचारणार आहे. आणि तिने एखादा परत दिला, तर तो मुकाट्याने घरी आणून पुन्हा उसवू.