हरलेल्या राजाची नाणी आणि आईची भिशी



परवा वर्कशॉप संपल्यावर सिडकोतला एक मुलगा थांबला. खिशातून रुमाल काढून गाठ सोडली, आत ११ चांदीची नाणी. म्हणाला, "सर, ही नहपानाची. हरलेला राजा, त्याची नाणी वितळवून टाकली होती, म्हणून एकदम रेअर. ४० हजारांत घेतली, ऑनलाइन टाकली की दोन लाख." बिल? नाही. घेतली कोणाकडून? आठवडे बाजारात भेटलेल्या माणसाकडून. पैसे कुठले? आईची भिशी.

भिशीचे पैसे आहेत म्हणून आज सरळच बोलतो.

नहपान खरा, आणि आपल्या नाशिकशी जोडलेला. पांडवलेण्यांतल्या १० नंबरच्या लेण्यात त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण दान दिले. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने ठेवले, १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. (फायनान्सच्या व्हिडिओत मी हेच ओरडून सांगतो, तेव्हा कोणी ऐकत नाही.) पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. पण चांदी कोण फेकतो? त्याने नहपानाच्याच नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला आणि ती पुन्हा चालवली. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला अशी नाणी सापडली, १३ हजारांहून जास्त. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर हा दुसरा ठसा होता.

म्हणजे "वितळवून टाकली, म्हणून रेअर" ही गोष्ट तिथेच पडली.

बदनाम माणसाच्या वस्तूला भाव येतच नाही, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत जो जॅक्सन नावाचा बेसबॉलपटू होता. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन हरल्याचा ठपका त्याच्यासह आठ जणांवर आला. कोर्टाने १९२१ मध्ये सोडलं, तरी खेळातून कायमचं काढलं. बंदीच्या यादीतून नाव निघालं २०२५ मध्ये, तो जाऊन ७० वर्षं उलटल्यावर. तो लहान लीगमध्ये खेळत असताना, १९१० च्या सुमारास, ओल्ड मिल सिगारेटच्या पाकिटातून त्याचं एक कार्ड आलं होतं. आज त्या कार्डाला लाखो डॉलर मिळतात.

का मिळतात, ते बघा. त्याच्याबरोबर आणखी सात जण बदनाम झाले, त्यांच्या कार्डांना तेवढा भाव नाही. जॅक्सन जबरदस्त बॅट्समन होता, कार्डं मोजकी उरली आहेत, आणि कुठलं कार्ड कोणाच्या हातून कोणाकडे गेलं याची नोंद लोक ठेवतात. एवढं करूनही तिथे फसवणूक होतेच. होनस वॅग्नर या खेळाडूचं जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड घ्या. ते नवं दिसावं म्हणून त्याच्या कडा कापल्या होत्या, हे लिलाव करणाऱ्यानेच २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. तज्ज्ञ कंपनीने तोवर त्या कार्डाला उत्तम दर्जाचा शिक्का देऊन टाकला होता!

आता आपल्या मुलाचं गणित. नाणी खोटी निघाली तर ४० हजार गेले. खरी निघाली तर जास्त पंचाईत, कारण मग प्रश्न येतो की आली कुठून. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे. ते विकायचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेलं धन १० रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. हा कायदा १८७८ चा आहे, आजही लागू आहे. आणि "तुमचं जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी कमिशन भरा" असे फोन येतात ना? रिझर्व्ह बँकेच्या नावानेही ते यायला लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः पत्रक काढून सांगितलं की आमचा याच्याशी संबंध नाही.

माझं मत विचाराल तर हा धंदा वाईट नाही, लॉटरी समजून करणं वाईट. आवड असेल तर टपाल तिकिटांपासून सुरू करा. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आपल्या गावात उभा आहे. स्वातंत्र्यानंतरची तिकिटं, पहिल्या दिवसाची पाकिटं घ्या. पाच हजारांत शिकायला मिळतं, परवान्याची भानगड नाही. वर्षभर फक्त घ्या, विका आणि प्रत्येक वस्तू कोणाकडून, कधी, कितीला घेतली ते वहीत लिहा. तुमचं गिऱ्हाईक पैसे मोजणार ते त्या वहीला बघून.

त्या मुलाला मी दोन कामं दिली आहेत. नाणी कुठेही ऑनलाइन टाकायची नाहीत, एकदा जाणकाराला दाखवायची. आणि आईला आजच सांगायचं. पहिलं तो करेल असं वाटतं. दुसऱ्याला "बघतो सर" म्हणाला.