आधी दुसरी बादली घ्या, मग कोटिंगचं बघू

नवी गाडी घेताना शोरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, पेंट प्रोटेक्शन करूनच घ्या, नाहीतर सहा महिन्यांत रंगाची वाट लागते." हे वाक्य अर्धं खरं आहे. सहा महिन्यांत रंगाची वाट खरोखर लागते. पण ती लावतं आपल्याच पार्किंगमधलं एक फडकं आणि एक बादली गढूळ पाणी. ऊन, पाऊस आणि प्रदूषण यांना त्यासाठी कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि ज्याच्या हातात ते फडकं असतं, त्याच्यावर खापर फोडून आपण वीस-पंचवीस हजारांचं कोटिंग मारून घेतो.

माझं भांडण कोटिंगशी नाही. एका बादलीच्या जागी दोन बादल्या द्यायला जो समाज तयार नाही, तो त्याच गाडीवर पंचवीस हजार ओततो, या हिशेबाशी आहे.

आधी रंगाचं समजून घेऊ, कारण हे कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगतही नाही. गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक एका केसाहून पातळ थरावर उभी आहे आणि तो थर शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच आहे.

आता या थरावर रोज काय होतं ते बघा. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कुठेही राहा, शेजारी बांधकाम चालूच असतं. गाडीवर रात्रभर बसते ती सिमेंटची, खडीची, रस्त्याची धूळ. आपली खडी बेसाल्टची. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज मोह्जच्या कठीणपणाच्या मापावर ६ च्या आसपास येतं. वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. क्लिअर कोट यांच्यापुढे लोण्यासारखा. सकाळी कुणीतरी ओलं फडकं घेऊन ही धूळ बॉनेटवर गोल गोल फिरवतं. याला आपण "गाडी पुसली" म्हणतो. प्रत्यक्षात ती बारीक पॉलिशपेपरने घासलेली असते.

त्यातून जे हजारो बारीक चरे उमटतात, त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. खरं तर ते सगळ्या दिशांना असतात. पण उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. काळ्या गाडीवर जास्त दिसतं, पांढऱ्या गाडीवर लपतं. पडतं दोन्हींवर.

मग माणूस घाबरतो आणि कोटिंगवाल्याकडे जातो. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ९ एच कडकपणा. ऐकून वाटतं, हिऱ्याच्या एक पायरी खालचं काहीतरी असावं. मोह्जच्या मापावर हिरा १० वर आहे, आणि हा गोंधळ विकणाऱ्याच्या पथ्यावरच पडतो. प्रत्यक्षात हे ९ एच पेन्सिलीचं माप आहे. चित्रकलेच्या पेन्सिलीवर एचबी, २ बी, ४ एच लिहिलेलं असतं, तेच. ठरावीक दाबाने ४५ अंशांत धरलेली पेन्सिल थरावरून ओढायची आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघायचं, अशी ही चाचणी. रंगउद्योगात ती रीतसर वापरतात, आयएसओ १५१८४ हे तिचं मानक आहे. चाचणी खोटी नाही. पण तिचा अर्थ एवढाच, की ९ एच पेन्सिलीने चरा पडला नाही. पेन्सिल म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. वाळूचा कण तिच्यापेक्षा कितीतरी कठीण. तुमच्या गाडीवर रोज पेन्सिलीने कुणी लिहीत असेल, तर ९ एच कोटिंग अवश्य करा.

कोटिंग काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. सिलिकावर आधारलेला हा थर जेमतेम एखाददुसऱ्या मायक्रॉनचा असतो, पण पाणी त्यावर थांबत नाही, चिखल घट्ट धरत नाही, गाडी धुणं सोपं होतं. नीट धुणाऱ्याला ते उपयोगी आहे. पण दगड उडून टवका गेला, तर ते वाचवत नाही. चऱ्यांपासून वाचवायला दीडशे-दोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म लागते आणि तिची किंमत कोटिंगच्या कितीतरी पट. शिवाय बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी कोटिंगवर थेंबाथेंबाने उभं राहतं आणि उन्हात वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचा पांढरा गोल ठिपका उरतो. मला एकदा अशा पॅकेजचा वॉरंटीचा कागद वाचायला मिळाला. पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग, धुताना पडणारे चरे, सगळं वॉरंटीतून वगळलेलं. दर वर्षी पैसे भरून "मेंटेनन्स" न केल्यास उरलेली वॉरंटीही रद्द. म्हणजे रोजच्या जगण्यात गाडीला जे जे होतं, ते सोडून बाकी सगळ्याला हमी.

कोटिंगच्या आधी रबिंग-पॉलिश होतं, हेही लक्षात ठेवा. रबिंग चरे "भरत" नाही, चऱ्याच्या तळापर्यंतचा क्लिअर कोट खरवडून काढतं. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. दर दिवाळीला हौसेने रबिंग करणारा माणूस गाडीचं संरक्षक कवच स्वतःच्या पैशाने संपवत असतो.

आता त्या फडक्यावाल्याकडे येऊ. माझ्या सोसायटीत गाडी पुसायचे महिन्याला ५०० रुपये मिळतात. महिन्याचे २६ दिवस धरले, तर एका वेळचे १९ रुपये. पहाटे साडेचारला सुरू करून साडेनऊपर्यंत तो माणूस ३० गाड्या पुसतो. म्हणजे एका गाडीला दहा मिनिटं. पाणी एका बादलीत, आणि ती बादली पाच-सहा गाड्यांना पुरवायची, कारण पार्किंगमधला नळ उघडा दिसला की सुरक्षारक्षक ओरडतो. फडकं कुणाच्या तरी जुन्या बनियनचं. शाम्पू नाही. उजेड एका ट्यूबलाइटचा.

या माणसाच्या महिन्याच्या पगारातून आमच्याकडच्या एका गृहस्थांनी पैसे कापले. कारण काय, तर बॉनेटवर जाळं दिसलं. ग्रुपवर फोटो आला, लाल वर्तुळं काढून. खाली आठ-दहा जणांनी "माझ्याही गाडीवर आहे" असं लिहिलं. एकानेही विचारलं नाही की आपण या माणसाला फडकं तरी दिलं आहे का. त्याच गृहस्थांनी पुढच्या महिन्यात २२ हजारांचं कोटिंग करून घेतलं. गाडी परत आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच बादलीत बुडवलेलं तेच फडकं तिच्यावरून फिरलं.

दीडशे रुपयांची दुसरी बादली देता आली असती. ती कुणाला सुचली नाही, कारण ती सुचायला गाडी धुणं हे कौशल्याचं काम आहे हे आधी मान्य करावं लागतं. आपल्याकडे घाण काढणारा हात अकुशलच ठरवायचा असतो. ही सवय कुठून आली, ते वेगळं सांगायला नको. तेच काम काळे हातमोजे घालून, वातानुकूलित जागेत, "डिटेलिंग" या नावाने केलं की आपण हजारांत पैसे देतो. खंडेनवमीला आपण हौसेने गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, फोटो टाकतो. वर्षातल्या उरलेल्या दिवशी तेच काम हलकं का होतं?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. महिन्यातून दोनदा तरी गाडी स्वतः धुवा. त्याला व्हिडिओत दिसतं तेवढं सामान लागत नाही. फेसाची तोफ, प्रेशर वॉशर, टायरची वेगळी, डॅशबोर्डची वेगळी अशा चौदा बाटल्या, हे कोटिंगवाल्याचंच दुकान दुसऱ्या दाराने घरात आणणं आहे. माझा खर्च सांगतो: गाडीचा शाम्पू ४०० रुपये, मायक्रोफायबरचा हातमोजा ३००, तीन टॉवेल ६००, स्प्रे सीलंट ७००. एकूण दोन हजार. बादल्या घरात होत्या.

गाडी सावलीत, बॉनेट थंड झाल्यावर धुवायची. आधी हात न लावता मगाने पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्यायची. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात पिळून माती तिथे सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूत. दुसऱ्या बादलीचं काम एवढंच, की काढलेली वाळू पुन्हा गाडीवर जाऊ नये. टपापासून सुरुवात, खालचे दरवाजे शेवटी, हात सरळ रेषेत. चाकांचं फडकं वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो मेण आणि सीलंट धुऊन नेतो. टॉवेल दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही. तो जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाद. घरी धुताना मायक्रोफायबरला सुती कपड्यांत टाकू नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका. कबुतराची विष्ठा नखाने खरवडण्याऐवजी ओलं फडकं पाच मिनिटं तिच्यावर ठेवायचं आणि उचलून घ्यायची. दोन-तीन महिन्यांनी सीलंटचा एक हात. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने हलणारं कव्हरही घासतंच.

पाणी किती? दोन बादल्या आणि ओतायला थोडं, मिळून चाळीसेक लिटर. पाइप लावला, तर तेवढं पाणी चार-पाच मिनिटांत गटारात जातं. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड लावावा लागला होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते विसरायला फार वर्षं झालेली नाहीत. पाणी कमी असेल, तर पाणी न ओतता एका बादलीत धुता येईल असे रिन्सलेस शाम्पू मिळतात. आणि तेही नसेल, तर धूळ असू द्या. नुसती बसलेली धूळ चरे पाडत नाही, ती घासली की पडतात.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं: "वेळ कुठे आहे?" ज्यांना खरंच नाही, त्यांचं मी समजू शकतो. पण कोटिंगसाठी गाडी दोन दिवस सोडून रिक्षाने फिरायला वेळ मिळतो आणि रविवारी पाऊण तास मिळत नाही, हे पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपण स्वतः धुवायला लागलो, तर त्या माणसाच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला कामावरून काढा असं मी म्हणतच नाही. उलट पैसे तेच ठेवा, किंबहुना वाढवा, आणि रोजची पुसापुशी बंद करा. आठवड्यातून दोनदा, दोन बादल्यांनी, तुम्ही दिलेल्या टॉवेलने. त्याला एका गाडीला दहाऐवजी तीस मिनिटं मिळतील आणि तरी त्याचे एकूण तास वाढणार नाहीत: आठवड्याला सहा वेळा दहा मिनिटं म्हणजे साठ, दोन वेळा तीस म्हणजेही साठ. गाडीवर चरे कमी, त्याच्या हाताखालचं काम नीट. सोसायटीच्या सभेत हा ठराव मांडायला कोणत्याही पॅकेजची गरज नाही.

मात्र तो ठराव मांडण्याआधी एकदा स्वतः गाडी धुऊन बघा. तिसऱ्या दरवाजापर्यंत कंबर बोलायला लागते. टपाचा मधला भाग हाताला येत नाही. दुसऱ्या बादलीच्या तळाला जी वाळू साठते, ती बघितली की "हा नीट पुसत नाही" हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही. त्या वाळूकडे बघून १९ रुपये बरोबर वाटतात का, तेवढं ठरवा. त्यानंतरही कोटिंग करावंसं वाटलं, तर खुशाल करा.