एकवीस कोटींची रफ वही



परवा चौथीच्या वर्गात भागाकार चालले होते. एक मुलगा मान खाली घालून बराच वेळ काहीतरी करत होता. जवळ जाऊन बघते तर काय, स्वारी रफ वहीची पानं फाडून दप्तरात कोंबतेय!

"अरे, हे काय?"

"बाई, यात सगळं चुकलंय. फेअर वहीत बरोबर आहे ना, मग हे कशाला ठेवायचं?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण वर्ष संपलं की रफ वह्या रद्दीत घाला, असं मीच मुलांना सांगत आले आहे. संध्याकाळी घरी आले आणि एका मोटारीची गोष्ट आठवली. ती मोटार म्हणजे एका कारखान्याची रफ वहीच, बरं का! आज तीच गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री नावाचं शहर आहे. तिथे जॅग्वार मोटारींचा कारखाना होता. फ्रान्समध्ये ल माँ इथे दरवर्षी एक अवघड शर्यत होते. दिवस आणि रात्र मिळून सलग २४ तास! चालक आळीपाळीने बसतात, पण गाडी मात्र तीच. जॅग्वारच्या 'डी-टाईप' गाडीने ही शर्यत १९५५, १९५६ आणि १९५७ अशी तीन वर्षं ओळीने जिंकली.

मग कारखान्यातल्या लोकांना वाटलं, शर्यतीत जे शिकलो ते वापरून साध्या रस्त्यावर पळणारी एक सुंदर गाडी काढावी. पण एकदम हजारो गाड्या कशा काढणार? आधी एकच करून बघायची. पळवायची, बिघडली की उघडायची, पुन्हा जोडायची. अशा गाडीला 'प्रोटोटाईप' म्हणतात. आपण तिला नमुना गाडी म्हणू.

गाडीचा आकार ठरवणारे होते माल्कम सेयर. ते आधी विमानांच्या कारखान्यात काम करत. हवा गाडीला कमीत कमी अडवेल असा आकार ते नुसत्या नजरेने काढत नसत, चक्क गणित करून काढत. गणित कशाला शिकायचं असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा!

पहिली नमुना गाडी १९५७ मध्ये झाली. तिचं नाव 'ई-वन-ए'. चाचण्या संपल्या आणि ती मोडीत काढली. दुसरी झाली १९६० मध्ये, 'ई-टू-ए'. हिच्या मागच्या चाकांत एक मोठा बदल होता. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाकं एकाच आसावर असतात. त्यामुळे एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी कलते. डी-टाईपचीही मागची चाकं अशीच एका आसाने बांधलेली होती. ई-टू-एमध्ये मात्र प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होई. म्हणजे एकाला धक्का बसला तरी दुसरं जमीन धरून राही.

ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी १९६० च्या ल माँ शर्यतीत ही गाडी उतरवली. पांढरी शुभ्र, वर निळे पट्टे. चालक होते डॅन गर्नी आणि वॉल्ट हॅन्सगेन. पण झालं काय? इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या नळीने दगा दिला, मग इंजिनच बिघडलं. २४ तास राहिले बाजूला, गाडी रात्रीच थांबली! पुढे मोठं इंजिन घालून तिने अमेरिकेत ब्रिजहॅम्प्टनची शर्यत जिंकली खरी, पण ल माँचं अपयश काही पुसलं गेलं नाही.

मग मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची 'फेअर वही' आली. 'ई-टाईप'! तिची मागची चाकंही सुटी सुटी वर-खाली होणारी. लोक बघतच राहिले. पुढच्या चौदा वर्षांत अशा ७२,००० हून जास्त गाड्या झाल्या.

आणि बिचारी ई-टू-ए? ती कारखान्यात परत आली. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊन घसरू नयेत, यासाठी विमानात एक यंत्र वापरत. ते मोटारीत चालतं का, हे तिच्यावर तपासलं. आजच्या गाड्यांमधलं 'एबीएस' हेच काम करतं. त्यानंतर ती नुसतीच पडून राहिली. शेवटी पहिलीसारखी तिलाही मोडीत काढायचं ठरलं.

पण कारखान्यातल्याच एका माणसाला ते बघवेना. त्याच्या सासऱ्यांना जुन्या गाड्या जमवायची आवड होती. दोघांनी मिळून ती वाचवली आणि त्या घराने सुमारे चाळीस वर्षं सांभाळली. ऑगस्ट २००८ मध्ये कॅलिफोर्नियात तिचा लिलाव झाला. किंमत आली ४९,५७,००० डॉलर. तेव्हाच्या भावाने जवळजवळ २१ कोटी रुपये! गंमत म्हणजे, दोनच महिने आधी जॅग्वार कंपनी आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतली होती.

ल माँला रात्रीच थांबलेल्या गाडीला एवढे पैसे का? कारण ई-टाईप हजारो आहेत, पण ती कशी सुचली, कुठे अडली, हे सांगणारी ही एकच उरली. ई-वन-ए तर आता फोटोतच बघायची.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाकडून फाडलेली पानं मागून घेतली. आम्ही दोघांनी ती चिकटपट्टीने जोडली आणि वाचली. ६१२ भागिले ६, उत्तर १२. खालच्या दोन गणितांतही तसंच. भाग जात नाही तिथे शून्य द्यायचं तो विसरत होता. तीन गणितं, पण चूक एकच! फेअर वहीत ती कुठेच दिसत नव्हती. तिथली उत्तरं कुठून आली, हे मी विचारलं नाही. त्यानेही मान वर केली नाही.

मग मी फळ्यावर लिहिलं, ९२७ भागिले ९. त्याने बराच वेळ घेतला. एकदा खोडलं. मग लिहिलं, १०३.

"बाई, हे पान फाडू नको ना?" त्याने विचारलं.

तुमच्या रफ वहीत एकच चूक पुन्हा पुन्हा कुठे झालीय, ते आज शोधून बघा. यंदा रफ वह्या रद्दीत घाला असं मी काही सांगणार नाही.

तुमच्या,
बाई