रसायनीचं मोल

देशाच्या अर्थकारणाची चर्चा पोलाद आणि सॉफ्टवेअरपाशीच घुटमळते, याचं मला वाईट वाटतं. पाताळगंगेच्या काठी, रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत केंद्र सरकारचा हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा कारखाना उभा राहिला. 1960 साली स्थापन झालेल्या या कंपनीचं काम एका वाक्यात सांगता येतं: रंग, औषधं, रबर यांना लागणारी मूळ रसायनं परदेशातून आणावी लागू नयेत. तिथं पूर्वी बनणारं नायट्रोबेंझिन, ॲनिलीन ग्राहकाला कधी दिसत नाही. दिसते ती कापडावरची निळाई किंवा तापावरची गोळी. आणि नेमक्या याच न दिसणाऱ्या मालावर शेकडो छोटे कारखाने चालतात. तो वेळेवर आणि परवडणाऱ्या भावात मिळाला नाही, तर पुढची सगळी साखळी अडते. आयातीच्या स्पर्धेत ही कंपनी तोट्यात गेली आणि 2017 मध्ये सरकारनं रसायनीतलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. अपवाद एकाच प्रकल्पाचा. अग्निबाणाच्या इंधनासोबत लागणारं डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा तो विभाग इस्रोकडे द्यायचं ठरलं, कारण त्यावाचून अवकाश मोहिमाच अडल्या असत्या. अग्निबाणासाठी जे आपल्याला पटलं, ते औषधांसाठी का पटू नये? आपले औषध कारखाने कच्च्या मालासाठी चीनकडे पाहतात, हे कोविडच्या सुरुवातीला साऱ्या देशानं अनुभवलं. मूळ रसायनांतला नफा तुटपुंजा असतो, हे खरं. पण केवळ ताळेबंद पाहून असे कारखाने मोडीत काढणं मला धोक्याचं वाटतं.